कमी दर आणि खरी स्वस्ताई : सरकारी खरेदीच्या इतिहासातून आपण काय घ्यावं?

आपल्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका कोणतीही असो, एक प्रश्न हमखास येतो : "तीन कोटेशन्स घेतली होती का?" आणि लगेच दुसरा : "मग सगळ्यात कमी दरवाल्याला काम का नाही दिलं?" गेल्या २५ वर्षांत समित्या बदलल्या, सचिव बदलले, पण हे दोन प्रश्न काही बदलले नाहीत. प्रश्न चांगलेच आहेत. पैसा सगळ्यांचा आहे, तेव्हा हिशेब विचारलाच पाहिजे. पण कमी दर आणि स्वस्त या दोन गोष्टी एकच आहेत का, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत गेली. इंडेंट, निविदा, तुलनात्मक तक्ता, डेडस्टॉक रजिस्टर हेच माझं जग. म्हणून स्मरणिका समितीने "इतिहासावर काहीतरी लिहा" म्हटलं तेव्हा मी गड-किल्ल्यांकडे न जाता आपल्या देशातल्या सरकारी खरेदीचा इतिहास निवडला. विषय रुक्ष वाटेल, पण त्यात दादाभाई नौरोजी आहेत, जमशेदपूर आहे, कुल्हडातला चहा आहे आणि तुमच्या-माझ्या हॉलमधला एलईडी बल्बही आहे.

रूळ विलायतेचे, बिल आपलं

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो. ते रूळ आणि ती इंजिनं इंग्लंडहून बोटीने आली, हेही ठाऊक असतं. पण त्यामागची खरेदीची व्यवस्था कशी होती, ते शाळेत सांगत नाहीत. रेल्वे कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परतावा मिळेलच, अशी हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. आता सांगा, ज्याला खर्च कितीही झाला तरी परतावा ठरलेला आहे, तो काटकसर कशाला करेल? खर्च वाढत गेला आणि बिल इथल्या रयतेने भरलं.

सरकारी कचेऱ्यांना लागणारं सामानही मोठ्या प्रमाणात लंडनमधूनच खरेदी व्हायचं. दादाभाई नौरोजींनी देशातून संपत्ती बाहेर कशी वाहून जाते याची आकडेवारी आयुष्यभर मांडली. विलायतेत होणारा सरकारी खर्च हा त्यांच्या मांडणीचा मोठा भाग होता. इकडे पुण्यात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी गांधीजींच्या कितीतरी आधी स्वदेशीचं व्रत घेतलं होतं. १८७७ च्या दिल्ली दरबारात सगळे संस्थानिक जरीकाठात आलेले असताना काका हातमागाच्या जाड्याभरड्या कापडात उभे होते. आपण काय विकत घेतो यावर कोण जगतं आणि कोण उपाशी राहतं, हे त्या माणसाला पुरतं समजलं होतं.

एका ऑर्डरवर उभा राहिलेला कारखाना

सरकारी खरेदी काय करू शकते याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे टाटांचा पोलाद कारखाना. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये गेले, कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. लोखंडाच्या खाणी सापडल्या, भांडवल उभं राहिलं. पण माल घेणार कोण? पोलादाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रेल्वे, आणि रेल्वेला सवय विलायती मालाची. शेवटी सरकारने कबूल केलं की दरवर्षी २० हजार टन रूळ, सलग १० वर्षं, आयात मालाच्या बरोबरीच्या दराने घेऊ. अट एकच : माल ठरलेल्या प्रतीचा हवा.

या कराराकडे भांडार शाखेच्या नजरेने पाहा. सरकारने यात अनुदान दिलं नाही की फुकट कर्ज दिलं नाही. फक्त तीन गोष्टी सांगितल्या : किती घेऊ, किती वर्षं घेऊ आणि कोणत्या दर्जाचं घेऊ. तेवढ्यावर कारखान्याला पाय रोवता आले. फेब्रुवारी १९१२ मध्ये साकचीला पहिलं पोलाद निघालं. दोन वर्षांत महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांनाच मेसोपोटेमियातल्या रेल्वेसाठी याच कारखान्याचे रूळ न्यावे लागले. १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीला जमशेदपूर नाव दिलं.

युद्धात विलायतेहून माल येणं अडलं, तेव्हा सगळी खरेदी परदेशावर टाकून ठेवणं किती धोक्याचं आहे हे सरकारलाही कळलं. औद्योगिक आयोगाने खरेदीचं खातं इथेच असावं अशी शिफारस केली आणि १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर त्याच परंपरेतून डीजीएस अँड डी हे पुरवठा महासंचालनालय आलं. त्याची 'रेट कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे आम्हा भांडारवाल्यांची पोथीच. ते खातं ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं, आणि आता ती खरेदी २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ऑनलाइन बाजारातून होते.

खादी, मडकं आणि कुल्हड

स्वतंत्र भारतात भारतीय मानक संस्थेने जी मानकं तयार केली, त्यातलं क्रमांक १ चं मानक कशाचं आहे ठाऊक आहे? राष्ट्रध्वजाचं. कापडाचा पोत, रंगाचा पक्केपणा, लांबी-रुंदी, सगळं त्यात लिहिलेलं. आपल्या नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि कर्नाटकात हुबळीजवळची संस्था ही ध्वज तयार करणारी नावाजलेली ठिकाणं. वर्षानुवर्षं ध्वज खादीचाच असायचा, म्हणून सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या कितीतरी बायकांना काम होतं. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरचं आणि पॉलिएस्टरचं कापडही चालू झालं. ध्वज घरोघरी पोचला हे खरं. पण नियमातली एक ओळ बदलली की गावातल्या मागाचं काय होतं, हाही विचार मनात येतोच.

दुसरं उदाहरण 'इकोमार्क'चं. १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंसाठी एक शिक्का काढला. त्यावर चित्र होतं मातीच्या मडक्याचं. कल्पना सुरेख! मडकं मातीतून येतं आणि मातीत जातं. पण तुमच्यापैकी किती जणांनी हा शिक्का दुकानात पाहिलाय? मी तरी भांडार शाखेत एवढी वर्षं काढून तो असलेल्या वस्तूची फाईल हाताळली नाही. फार थोड्या कंपन्या त्या वाटेला गेल्या. साधं कारण आहे. तपासणीचा खर्च करून शिक्का मिळवावा, तर तो पाहून माल घेणारं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. सरकारने शिक्का काढला, पण स्वतःची पिशवी घेऊन बाजारात गेलं तेव्हा तो शिक्का मागितलाच नाही. २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आहेत. या वेळी तरी मडकं पाझरू नये, एवढीच इच्छा.

तिसरं, रेल्वेचं कुल्हड. लालूप्रसाद यादव २००४ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि स्थानकांवर प्लास्टिकच्या कपाऐवजी मातीच्या कुल्हडातून चहा द्यायचं ठरलं. हेतू दुहेरी होता : प्लास्टिक कमी होईल आणि कुंभारांना काम मिळेल. चार दिवस कौतुक झालं, मग कप हळूहळू परत आले. २०२० मध्ये पुन्हा तीच घोषणा झाली. पहिल्यांदा ते टिकलं का नाही? कुल्हड जड, वाहतुकीत फुटतं. रेल्वेला रोज लागणारा माल एका गावचा कुंभारवाडा पुरवू शकत नाही. भट्टीला लाकूडफाटा लागतो आणि भाजलेली माती काही आठवड्याभरात विरघळत नाही. आणि चहावाल्याला तर कपापेक्षा कुल्हड महाग. फरक कोण भरणार, हे कागदावर ठरलेलं नव्हतं. म्हणजे हेतू चांगला होता, पण पुरवठ्याचा आणि पैशाचा हिशेब कच्चा राहिला.

३१० रुपयांचा बल्ब ३८ रुपयांना

आता यशाची गोष्ट. आपली इमारत नवी होती तेव्हा जिन्यात ६० वॅटचे पिवळे बल्ब होते. दहा-बारा रुपयांना मिळायचे. रात्री १२ तास जळणारा असा एक बल्ब वर्षाला जवळजवळ २६३ युनिट वीज खातो. त्याचं आयुष्य साधारण १००० तासांचं, म्हणजे तीन महिनेही नाही. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी वर्षाला सुमारे ३९ युनिट खातो. युनिटला १० रुपये धरले तर एका दिव्यामागे वर्षाला सव्वादोन हजार रुपयांचा फरक. असे २० दिवे धरा आणि करा हिशेब! दहा रुपयांचा बल्ब आपल्याला किती महागात पडत होता, ते बिलात दिसत होतं, पण कोटेशनमध्ये दिसत नव्हतं.

हे सगळं ठाऊक असूनही देशात एलईडी खपत नव्हता, कारण दुकानात त्याची किंमत तीन-चारशे रुपये होती. महाग म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून महाग. हे दुष्टचक्र तोडलं ते सरकारी खरेदीने. २००९ मध्ये एनटीपीसी, पॉवरग्रिड अशा चार सरकारी कंपन्यांनी मिळून ईईएसएल नावाची कंपनी काढली होती. तिने २०१४ मध्ये पुदुच्चेरीपासून सुरुवात केली. वेगवेगळ्या वीज कंपन्यांची मागणी एकत्र करायची आणि लाखो बल्बची एकच निविदा काढायची. पहिल्या खरेदीत दर आला ३१० रुपये. जानेवारी २०१५ मध्ये योजना देशभर गेली, पुढे तिलाच 'उजाला' नाव मिळालं. मागणी लाखांवरून कोटींवर गेली. २०१५ मध्ये दर ७३ रुपयांपर्यंत उतरला आणि २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला! महावितरणच्या केंद्रावर वीजबिल दाखवून, रांगेत उभं राहून बल्ब आणल्याचं आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आजवर ३६ कोटींहून जास्त बल्ब या योजनेत गेले. रस्त्यांवरचे १ कोटी ३० लाखांहून जास्त दिवेही अशाच पद्धतीने बदलले.

यात बल्बच्या किमतीवर सरकारी अनुदान नव्हतं, हे लक्षात घ्या. टाटांच्या रुळांसारखंच झालं. किती घेणार, कोणत्या दर्जाचं घेणार आणि बिघडला तर तीन वर्षं बदलून देणार, हे आधी सांगितलं. निर्मात्याला खपाची खात्री मिळाली, त्याने कारखाना मोठा केला, दर उतरला. पुढे तो दुकानातही उतरला, आणि रांगेत कधीच न गेलेल्या माणसालाही फायदा झाला.

सरकारी नियमही मग हळूहळू बदलले. २०१३ मध्ये वित्त मंत्रालयाने केंद्राच्या कार्यालयांना सांगितलं की पंखे, एसी, फ्रिज, गीझर घेताना ठरलेल्या तारांकनाच्या खालचं घेऊ नका. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत हे कलम म्हणून आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आणखी एक दार उघडलं : काही कामांत नुसता सर्वांत कमी दर न पाहता गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत गुण देता येतील. आमच्या काळात 'एल-वन'च्या, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्याच्या पलीकडे बोट दाखवलं की ऑडिटची हरकत ठरलेली. ती भीती किती खरी असते, हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळतं.

वेळेवर पैसे

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट कायम मागे राहते, ती म्हणजे पुरवठादाराचं बिल. आमच्या कार्यालयाला फाईल आणि बॉक्स-फाईल पुरवणारा एक छोटा कारखानदार होता. पाच-सहा कामगार, सगळं काम हाताने. पुठ्ठा असा की दहा वर्षांनीही फाईल उभी राहायची. त्याचं बिल वरच्या टेबलावर आठ महिने पडून राहिलं. मी तीन वेळा स्मरणपत्र टाईप करून वर पाठवलं. पैसे निघाले तेव्हा त्याने यंत्रं विकली होती. पुढच्या वर्षी एल-वन आला तो स्वस्त फाईलवाला, आणि त्या फाईली पहिल्याच पावसाळ्यात वाकल्या. कागदोपत्री आम्ही बचत केली होती.

लहान उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. पण कायदा आणि टेबल यांच्यातलं अंतर मोठं आहे. मोठ्यांनाही ते जाचतं. २०२२ मध्ये पाच शहरांसाठी मिळून ५,४५० इलेक्ट्रिक बसची एकत्रित निविदा निघाली, तेव्हा किलोमीटरमागचा दर डिझेल बसपेक्षा २७ टक्के कमी आला. म्हणजे एलईडीचीच युक्ती. पण परिवहन मंडळं पैसे वेळेवर देतील का, या धास्तीने पुढे बसवाले बिचकू लागले. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राला पैशाच्या हमीसाठी वेगळी योजना मंजूर करावी लागली. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली होती आणि १ जून २०२२ रोजी पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' त्याच मार्गावर धावली. असा योग साधणारी आपली एसटी जगायची असेल, तर बसबरोबर बिलाचाही विचार हवा.

आपण कुठे येतो?

तुम्ही म्हणाल, सरकारचं ठीक आहे, आपण चार विंगची सोसायटी. आपल्या ऑर्डरने कुठे बाजार हलणार? तर मग मुंबई ग्राहक पंचायतीकडे बघा. १९७५ पासून शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवतात, आणि माल एका घरी येऊन तिथे वाटप होतं. कोणी सरकार नाही की मोठा पैसा नाही. मागणी एकत्र केली, दर्जा तपासला, पैसे वेळेवर दिले. म्हणजे ईईएसएलने २०१४ मध्ये जे केलं, ते आपल्या मराठी मध्यमवर्गीय बायकांनी चाळीस वर्षं आधी करून दाखवलं होतं.

आपल्यासमोर येत्या दोन-तीन वर्षांत मोठ्या खरेद्या आहेत : लिफ्ट बदलायची आहे, पाण्याचा पंप जुना झालाय, गच्चीवर सौर पॅनेलचा विषय सभेत दोनदा येऊन गेलाय. त्यासाठी समितीपुढे माझ्या चार सूचना आहेत.

एक, तुलनात्मक तक्त्यात दराच्या शेजारी आणखी तीन रकाने घाला : १० वर्षांचं वीजबिल, १० वर्षांची देखभाल, आणि वस्तू निकामी झाल्यावर ती परत कोण घेणार. सर्वांत कमी बेरीज ज्याची, तो आपला एल-वन.

दोन, कोटेशन मागवण्याआधी आपल्याला काय हवं ते लिहून काढा. किती तारे, किती वर्षांची हमी, बिघडल्यावर किती तासांत माणूस येणार. आधी दर मागवून मग दर्जावर वाद घातला की सभा रात्री अकरापर्यंत चालते, हे आपण पाहिलंच आहे.

तीन, शेजारच्या सोसायट्यांना विचारा. पाच सोसायट्यांचे पंप किंवा पॅनेल एकत्र घेतले तर दर तर उतरेलच, शिवाय दुरुस्तीचा माणूसही फोन लवकर उचलेल.

चार, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : काम नीट झालं की बिल ठरलेल्या दिवशी द्या. प्लंबर असो, रंगारी असो की लिफ्टवाला. ज्याचे पैसे अडकतात तो पुढच्या वेळी एकतर येत नाही, नाहीतर अडकण्याची किंमत दरात धरूनच येतो.

तीन कोटेशन्सचा प्रश्न सभेत जरूर विचारत राहा. ती आपली चांगली सवय आहे आणि सोसायटी २५ वर्षं सरळ चालली ती अशा सवयींमुळेच. फक्त त्याला चौथा प्रश्न जोडा : "ही वस्तू आपल्याला दहा वर्षांत एकूण कितीला पडेल?" सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघेल तेव्हा तेव्हाच्या खजिनदाराला जुन्या फायलींत हा रकाना भरलेला सापडावा. सर्व रहिवाशांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!